स्मृतिदिनांची यादी: इंदूरच्या दिनदर्शिकेच्या कामाच्या नोंदी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

मंडळाच्या २०२६ च्या दिनदर्शिकेत प्रत्येक पानाखाली त्या महिन्यातले स्मृतिदिन छापायचे ठरले आहे. इंदूरशी ज्यांचं नातं होतं आणि जे आता नाहीत, अशांचे. काम माझ्याकडे आलं. सोबत काका, म्हणजे मंडळाचे जुने कोषाध्यक्ष, ऐंशी ओलांडलेले पण स्मरण लख्ख. आणि माझा भाचा, तो संगणकावर तक्ता सांभाळणार.

जुनी यादी कुणीतरी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी केलेली. जवळजवळ प्रत्येक नावाआधी 'कै.', नावानंतर 'थोर समाजसेवक' नाहीतर 'ज्येष्ठ कलावंत'. तारखा निम्म्यांच्याच. ती माणसं नेमकं काय करत होती, हे एका ओळीतही नाही. वाचून वाईट वाटलं. एवढं जगून माणसाच्या वाट्याला 'थोर' हा एकच शब्द यावा?

तक्त्याचे रकाने ठरवले: नाव, जन्म, निधनाची तारीख, तिथी, कुठे, काय केलं, कशावरून. शेवटचा रकाना मी हट्टाने घातला. 'सगळ्यांना माहीत आहे' हे उत्तर त्यात चालणार नाही.

यादी फक्त मराठी माणसांची करायची का, यावर बराच वेळ गेला. सचिव ताईंचं म्हणणं, मंडळ मराठी, तेव्हा यादीही मराठी. काका एरवी शांत असतात, आज उसळले. "वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी होळकर संघाचे सामने पाहिलेत. मुश्ताक अली बाद झाले की आमच्या घरी कुणी नीट जेवायचं नाही. ते माझे नाहीत तर कोण आहेत?" ताईंनी लगेच मान्य केलं. मग तक्त्यात पहिली दोन नावं क्रिकेटची पडली. सय्यद मुश्ताक अली: १८ जून २००५, इंदूर, १९३६ साली मँचेस्टरला ११२ धावा, परदेशात कसोटी शतक करणारे पहिले भारतीय. सी. के. नायडू: जन्म नागपूरचा, निधन १४ नोव्हेंबर १९६७, इंदूर, भारताचे पहिले कसोटी कर्णधार. १४ नोव्हेंबरच्या चौकटीत बालदिन असतोच. त्याखाली नायडूंना जागा ठेवायला भाच्याला सांगितलं.

१० ऑगस्ट, रविवार

ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली पाहिल्या. चार तास धूळ, पण तारखा कशा चुकतात ते डोळ्यांनी दिसलं.

बातमीत 'काल' लिहिलेलं असतं. पुढे कुणी कात्रण कापतं, वर अंकाची तारीख टाकतं, आणि 'काल' गळून पडतो. तीच तारीख स्मरणिकेत, तीच फलकावर, मग तीच खरी होते. आठवड्याने निघणाऱ्या पत्रांत घोळ आणखी मोठा. केसरी मंगळवारचा, बुधवारी गेलेल्या माणसाची बातमी सहा दिवसांनी छापली जायची. आपल्या गावात भर उठावन्याची, म्हणजे माणूस गेल्यावरच्या शोकबैठकीची. माळव्यात बैठक बहुधा तिसऱ्या दिवशी, आणि वर्तमानपत्रात 'उठावना आज' एवढीच चौकट. गेल्याचा दिवस त्यात नसतोच. आता मराठी घरंही तशीच जाहिरात देतात. आमच्या जुन्या यादीतल्या तीन तारखा उठावन्याच्या निघाल्या.

मध्यरात्रीचं तर वेगळंच. लोकमान्य गेले ते ३१ जुलैची रात्र उलटून, १ ऑगस्ट १९२० च्या पहिल्या तासात. घड्याळाने १ ऑगस्ट. पण पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, म्हणून घरातल्या जाणत्या माणसांच्या लेखी ती आदल्या दिवसाचीच रात्र. दोन्ही बाजू खऱ्या. म्हणून रात्री गेलेल्यांच्या नोंदीत 'मध्यरात्रीनंतर' असं स्पष्ट लिहायचं ठरवलं.

उद्या शायर राहत इंदौरींचा दिवस, ११ ऑगस्ट २०२०. करोना झाल्याचं त्यांनी त्याच सकाळी स्वतः ट्विटरवर कळवलं होतं, आणि मला किंवा घरच्यांना फोन करू नका, तब्येतीची खबर इथेच मिळेल, असंही लिहिलं होतं. संध्याकाळी ते गेले. भाचा म्हणाला, "मावशी, मी ते सकाळी वाचलं होतं, आणि संध्याकाळी दुसरी बातमी आली तेव्हा हात थरथरत होते." त्यांचं नाव यादीत भाच्याने स्वतः टाइप केलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

मामीकडे गेले होते. जुन्या गायकांची पत्रं तिच्या सासऱ्यांकडे येत, त्यांत कुणाच्या निधनाचं पत्र सापडेल अशी आशा होती. मामी म्हणाली, "अगं, तसलं पत्र घरात ठेवतं का कुणी?" कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड आलं की पोस्टमनच्या हातातच कळायचं. उंबऱ्याबाहेर वाचायचं, फाडून टाकायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं, मग घरात. लग्नाच्या कुंकू लावलेल्या पत्रिका पेटीत पन्नास वर्षं राहिल्या. मरणाचं एकही पत्र नाही.

पेटीत शंभराहून जास्त पत्रं होती. बारशाची, मुंजीची, बदलीची, पैसे पोचल्याची. माणूस गेल्याची एकच वेळ अशी, जिचा कागद आपण हाताने नाहीसा करत आलो. त्यामागची भीती मला कळते. माझ्या आईनेही तशी पत्रं फाडलेली मी पाहिली आहेत. पण 'कशावरून' हा रकाना इतका रिकामा का राहतो, याचं निम्मं उत्तर आज मिळालं.

१७ ऑगस्ट, रविवार

आज नियम लिहून काढला: दोन स्वतंत्र ठिकाणांहून कळल्याशिवाय कुणालाही 'दिवंगत' म्हणायचं नाही. त्यातलं एक ठिकाण घरचं, किंवा गावातलं.

हा नियम इंदूरकरांना वेगळा समजवावा लागू नये. एप्रिल २०२१, करोनाची दुसरी लाट, रोज कुणी ना कुणी जात होतं. त्यातच एका रात्री सुमित्राताई महाजन गेल्याची बातमी पसरली. आठ वेळा इथून निवडून आलेल्या, लोकसभेच्या अध्यक्ष राहिलेल्या, आणि गावाच्या नुसत्या 'ताई'. शशी थरूर यांनी श्रद्धांजलीचं ट्विट केलं, वाहिन्यांनी बातमी चालवली. ताई बऱ्या आहेत असं इथून सांगितलं गेलं, थरूर यांनी ट्विट काढून दिलगिरी व्यक्त केली. ताईंनी स्वतः विचारलं की इंदूरच्या प्रशासनाला एक शब्द न विचारता वाहिन्यांनी हे कसं चालवलं? त्या रात्री आमच्याही घरी फोन वाजत होते. शेजारच्या आजींनी देवापुढे दिवा लावला होता. खोटं ठरल्यावर त्या बराच वेळ रडल्या. अशी बातमी मागे घेता येते, पण ती ज्याच्या घरावर जाऊन आदळते तिथे तो तासभर काय होतं, ते मागे घेता येत नाही.

काकांना त्याहून जुनं आठवतं. मार्च १९७९, जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोक रुग्णालयात. पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा केली, श्रद्धांजलीची भाषणं झाली, कामकाज थांबलं. जयप्रकाश जिवंत होते. ते गेले ८ ऑक्टोबर १९७९ ला, पाटण्यात. "म्हणजे माणसाने आपल्याच श्रद्धांजलीनंतर सहा महिने काढले," काका म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले. देशातल्या सगळ्यात मोठ्या सभागृहात जे घडलं, ते आमच्या गटावरच्या संदेशात घडायला किती वेळ लागणार?

भाच्याने तक्त्यात दोन आधार भरल्याशिवाय ओळ हिरवी होत नाही अशी सोय केली आहे. आत्ता बहुतेक ओळी पांढऱ्या.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आज अहिल्याबाईंची तिथी. राजवाड्याकडे जाणारा रस्ता सकाळपासून गजबजलेला. यंदा त्यांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली, त्यामुळे फुलं नेहमीपेक्षा जास्त.

आमच्या जुन्या यादीत त्यांचं नाव तीनदा आलं होतं! १३ ऑगस्ट, श्रावण वद्य चतुर्दशी, आणि भाद्रपद कृष्ण चतुर्दशी. कुणीतरी तीन वेगवेगळ्या स्मरणिकांतून उतरवलेलं. भाचा दोन ओळी खोडायला निघाला होता, काकांनी त्याचा हात धरला.

तिन्ही एकच. देवी गेल्या महेश्वरला, १३ ऑगस्ट १७९५, शके १७१७. आपला मराठी महिना अमावास्येला संपतो, म्हणून तो वद्य पक्ष श्रावणाचा. माळव्यातलं हिंदी पंचांग महिना पौर्णिमेला संपवतं, म्हणून तोच पक्ष त्यांच्याकडे भाद्रपदाचा. चंद्र एक, चतुर्दशी एक, महिन्यांची नावं दोन. सव्वादोनशे वर्षं या गावात मराठी घरात श्रावण आणि शेजारच्या घरात भाद्रपद म्हणत एकाच पालखीला हात जोडले जात आहेत. मी इथेच जन्मले, वाढले, आणि हे आज पहिल्यांदा नीट समजून घेतलं.

पुढचं गणित दिनदर्शिकेसाठी महत्त्वाचं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून पुढचे सगळे सण लांबणार. श्रावण वद्य चतुर्दशी थेट १० सप्टेंबरला. १३ ऑगस्टच्या चौकटीत 'पुण्यतिथी' छापलं आणि पालखी महिनाभराने निघाली, तर लोक मंडळाला फोन करतील. म्हणून शब्द वेगळे ठेवायचे: इंग्रजी तारखेला 'स्मृतिदिन', तिथीला 'पुण्यतिथी'. अहिल्याबाई दोन्ही पानांवर येतील. ज्यांची फक्त तिथी घरच्यांना ठाऊक आहे, त्यांची तारीख काढून देण्याचं काम काकांनी अंगावर घेतलं. त्यांच्याकडे जुन्या पंचांगांचा गठ्ठा आहे.

ग्वाल्हेरच्या आत्याशी फोनवर बोलले. तिकडे राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीवर १८ जूनला फुलं वाहतात. इतिहासाच्या पुस्तकांत १७ जून १८५८ ही तारीखही आहे. आमच्या यादीत त्या नाहीत, पण असं दुमत आलं तर दोन्ही तारखा लिहायच्या, एक निवडून दुसरी दडपायची नाही, हे आत्याचं म्हणणं उतरवून घेतलं.

३१ ऑगस्ट, रविवार

घरी गौरी आल्या. काम नाही.

७ सप्टेंबर, रविवार

पौर्णिमा, उद्यापासून पितृपक्ष धरला जाईल. आज 'काय केलं' हा रकाना. प्रत्येकाला पंचवीस शब्द.

आधी बाद शब्द ठरवले. 'कधीही न भरून निघणारी पोकळी', 'काळाच्या पडद्याआड', 'अजातशत्रू', 'हरहुन्नरी', 'मनमिळाऊ'. हे शब्द खोटे म्हणून नव्हेत. कुठल्याही नावापुढे बसतात म्हणून. सचिव ताईंना 'प्राणज्योत मालवली' सोडवत नव्हतं, त्यांच्या वडिलांच्या बातमीत ते होतं. मी आग्रह सोडला. बातमीत ते असू दे, पंचवीस शब्दांत त्याला जागा नाही, एवढंच म्हटलं.

'कै.' सगळ्यांचं काढलं. हिंदूंना कैलासवासी, मुसलमानांना पैगंबरवासी, ख्रिश्चनांना ख्रिस्तवासी, ही आपल्या भाषेची जुनी सभ्यता आहे आणि मला ती आवडते. पण यादीत आहेत ते सगळे गेलेलेच. त्या एका अक्षराची जागाही त्यांच्या कामाला द्यावी.

कुमार गंधर्वांची ओळ सहा वेळा लिहिली. 'महान गायक' लिहिलं की हात थांबायचा. शेवटी असं झालं: 'क्षयामुळे देवासला आले, काही वर्षं गाणं बंद, १९५३ पासून पुन्हा मैफली. माळव्याची लोकगीतं आणि निर्गुणी भजनं मैफलीत आणली. १२ जानेवारी १९९२, देवास.' दोन-तीन शब्द कमीच झाले, राहू दिले. ओठांवर गाणं असून काही वर्षं गप्प पडून राहिलेला माणूस त्यात दिसतो, मला तेवढा हवा होता.

गायक अमीर खाँ साहेबांचं उलट. १३ फेब्रुवारी १९७४ ला कलकत्त्यात मोटार अपघातात गेले, आणि त्यांच्याविषयी लिहिताना बहुतेक जण अपघातापासूनच सुरू करतात. शेवट एवढा आकस्मिक असला की तो सगळं आयुष्य झाकतो. आम्ही ओळ त्यांच्या अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतल्या, ख्यालापासून सुरू केली. अपघात शेवटी, एका शब्दात.

प्रभाष जोशींची तारीख इथे कुणालाही विचारावी लागली नाही. ५ नोव्हेंबर २००९ ची रात्र. सचिनने हैदराबादला ऑस्ट्रेलियाविरुद्ध १७५ केल्या, भारत तीन धावांनी हरला, आणि सामना पाहता पाहता जोशींना त्रास सुरू झाला. क्रिकेटवर इतक्या जिवाने लिहिणारा संपादक. लोक तारीख विसरतात, सामना विसरत नाहीत. अशी खूण सापडली की ती 'कशावरून'मध्ये टिपायची, पडताळणीला उपयोगी पडते.

लताबाई. जन्म इथला, शीख मोहल्ल्यातला, २८ सप्टेंबर १९२९. ६ फेब्रुवारी २०२२, रविवार, सकाळ, मुंबई. दोन दिवस राष्ट्रीय दुखवटा. त्या दिवशी आमच्या कॉलनीतल्या निवृत्त सुभेदारांनी मुलांना दाखवलं होतं की झेंडा थेट अर्ध्यावर बांधत नाहीत. आधी टोकाला नेतात, मग अर्ध्यावर आणतात, आणि संध्याकाळी उतरवतानाही पुन्हा टोकाला नेऊनच. मला ते फार भावलं. आधी पूर्ण उंची, मग दुःख. त्यांच्याविषयी पंचवीस शब्द मला जमले नाहीत. जन्म, निधन, आणि 'इंदूरच्या' एवढा एक शब्द ठेवला.

आणखी एक गोष्ट आज बोचली. लिहून झालेल्या ओळी मोजल्या तर बायका सात. न्यूयॉर्क टाइम्सने ८ मार्च २०१८ पासून राहून गेलेल्यांचे मृत्युलेख उशिरा छापायला घेतले. १८५१ पासून त्यांच्या पानांत बहुतेक पुरुषच होते, हे त्यांनी स्वतः कबूल केलं. पहिल्या पंधरा बायकांत मधुबाला होती, जाऊन एकोणपन्नास वर्षं झालेली. इंदुरात शाळा चालवणाऱ्या, गाणं शिकवणाऱ्या, भिशीच्या पैशांतून वाचनालय उभं करणाऱ्या बायका कमी होत्या का? मग आमच्याकडे सातच का?

१५ सप्टेंबर, सोमवार, अविधवा नवमी

शाळेतल्या संगीताच्या बाईंसाठी तीन दिवस फिरते आहे. माझ्या आईला त्यांनी शिकवलं, मला शिकवलं. रामबाग ते लोकमान्यनगर, गावात आज जी मंडळी सुरात आरती म्हणतात त्यांतली कितीतरी त्यांच्या हाताखालची. १९९०च्या दशकात गेल्या. वर्ष कुणाला सांगता येईना.

कात्रण मिळालं. एका वर्तमानपत्रातली दोन बोटं रुंद चौकट: अमुक यांच्या पत्नी, तमुक यांच्या आई, उठावना अमक्या वेळी. बाईंचं नाव नाही. हार्मोनियम नाही, शाळा नाही. गाणं शिकवण्याची तीस-बत्तीस वर्षं कुणाच्याच लक्षात आली नाहीत. अंकाची तारीख फाटलेल्या कोपऱ्यात गेलेली.

आज सकाळी त्यांच्या सूनबाईंकडे गेले. घरात नवमीचा स्वयंपाक, सवाष्ण जेवायला बसलेली. मी म्हटलं, आज आलेच आहे तर तिथी सांगा. त्या ओशाळून म्हणाल्या, "आम्ही दरवर्षी आजच करतो. सासूबाई सवाष्ण गेल्या ना, म्हणून नवमी. वर्षश्राद्ध मामंजी करायचे, त्यांना तिथी माहीत होती. तेही गेले."

मी उभ्या उभ्या थिजले. नवऱ्याआधी गेलेल्या सगळ्या बायकांची पक्षातली तिथी एकच, नवमी. पुरुष ज्या तिथीला गेला त्या तिथीला पक्षात त्याचं पान वाढतात, म्हणून निदान तिथी तरी घरात फिरत राहते, तारीख नसली तरी काका पंचांगातून काढतात. बाईची नवमीत मिसळून जाते. ज्या नवमीला आपण इतक्या मायेने मान देतो, तिनेच बाईंचा स्वतःचा दिवस पुसला. नवमी वाईट असं मी म्हणणार नाही, माझ्या आजीसाठी मीही ती करते. पण यादीत सातच बायका का, हे आज त्या स्वयंपाकघरात कळलं.

जेवूनच उठू दिलं त्यांनी. खीर, वडे, आमटी.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मृत्यूनोंदणीचा कायदा १९६९ चा, एकवीस दिवसांत कळवायचं असतं, म्हणजे नोंद कुठेतरी असणार. पण वर्ष ठाऊक नसताना कार्यालयात शोध घेऊन मिळत नाही. दोन खिडक्यांवरून परत आले.

मग शाळा आठवली. शाळेची सूचना वही! मुख्याध्यापिका बाईंनी कपाट उघडून दिलं. एकोणीस वह्या. दहाव्या वहीत सापडलं, निळ्या शाईत: संगीत शिक्षिका, पुढे बाईंचं स्वतःचं, माहेरच्या आडनावासकट पूर्ण नाव, 'आज पहाटे निधन झाले', उद्या शाळेस सुट्टी. खाली सगळ्या शिक्षकांच्या सह्या. वर्गावर्गात वाचून दाखवल्याची नोंद. तारीख, वार, सगळं.

बाईंचं पूर्ण नाव त्या एकाच कागदावर आहे, आणि तो कागद सहकाऱ्यांनी लिहिलेला. सूनबाईंना फोन केला. त्या रडल्या. काका रात्री पंचांग काढून बसले आणि साडेदहाला त्यांचा फोन: "शुद्ध षष्ठी. लिहून घे." आता पुढच्या वर्षी घरी षष्ठीलाही पान वाढणार आहेत.

नाव इथे लिहीत नाही. घरच्यांनी परवानगी दिनदर्शिकेपुरती दिली आहे.

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री

सूचना वह्यांवरून आणखी चार शिक्षिका आणि एका शिपाई काकांची तारीख निघाली. दुसऱ्या दोन शाळांना विचारलं आहे. रुग्णालयाच्या परिचारिकांच्या अशा वह्या असतात का, ते सचिव ताई विचारून सांगतील. यादीत आता बायका बारा.

हिरव्या न झालेल्या ओळी या वर्षी छापायच्या नाहीत. त्या तक्त्यात पांढऱ्याच राहतील, पुढच्या वर्षी पुन्हा पाहू. भाच्याने बाईंच्या ओळीत 'काय केलं'पुढे मला विचारून लिहिलं: 'तीन पिढ्यांना सा लावायला शिकवलं.' मी दोन म्हणत होते. काका म्हणाले, माझ्या नातीच्या गाणं शिकवणाऱ्या बाई त्यांच्याच विद्यार्थिनी, म्हणजे तीन.

प्रूफ उद्या अकराला छापखान्यात. १३ ऑगस्टला स्मृतिदिन आणि १० सप्टेंबरला पुण्यतिथी, आणि तिथे श्रावण-भाद्रपद दोन्ही नावं आली आहेत ना, तेवढं काका शेवटचं पाहतील.